शेवटचा नंबर शिवलकरांचा

आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. रोज थेंब घाला आणि महिन्यातून एकदा प्रेशर बघून जा. पाच मिनिटांचं काम आहे." डॉक्टर खोटं बोलले नव्हते. आत गेल्यावर काम पाच मिनिटांचंच असायचं. आत जाईपर्यंत शनिवार संपायचा, एवढंच सांगायचं ते विसरले.

डॉक्टर मूळचे कोल्हापूरचे. महिन्यातला एक शनिवार त्यांनी रत्नागिरीला दिलेला. सकाळी घाट उतरून यायचे, एका औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर बसायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला परत घाट चढायला निघायचे. तेवढ्या वेळात पावसपासून संगमेश्वरापर्यंतचे सगळे डोळे उरकायचे. माणसं पहिल्या गाडीनं येऊन जिन्यात बसलेली असत. दवाखाना सांभाळणाऱ्या कदमबाई दार उघडून नंबराचे पत्र्याचे बिल्ले वाटत, आणि मग सुरू व्हायचं ते बसणं. डोळ्यांच्या दवाखान्यातलं बसणं इतर दवाखान्यांपेक्षा वेगळं असतं. बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून थेंब घालून ठेवतात, त्यामुळे निम्मी माणसं डोळे मिटून बसलेली. ना पेपर वाचता येत, ना मोबाइल बघता येत. उरतात ते फक्त कान आणि तोंड.

पहिल्याच शनिवारी आम्हाला चौथा नंबर मिळाला आणि मी खूश झाले. जेवायला घरी, असा हिशेब मी मनात केला. तेवढ्यात एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. साठी ओलांडलेले, केस काळेभोर रंगवलेले, इस्त्रीचा पांढरा सदरा पँटीत खोचलेला, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला.

"गाडी कितीची?" त्यांनी आईला विचारलं.

आईला वाटलं रिक्षावाला. "नकोय आम्हाला," ती म्हणाली.

"तसं नव्हे हो बाय. परत जायची गाडी कितीची?"

"आम्ही इथलेच. माळनाक्याला राहतो."

"मग झालं तर. सिटी. बसा निवांत," असं म्हणून ते पुढच्या खुर्चीकडे वळलेसुद्धा.

आम्ही निवांत बसलो. पाचवे गेले, सातवे गेले, अकरावे गेले. मी उठून कदमबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "शिवलकरांनी सांगितलं ना तुम्हाला? तुम्ही सिटी." जसं काही तो एक आजारच होता. आम्ही आत गेलो तेव्हा खाली रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि आईची मान भिंतीला टेकून आखडली होती.

मुरलीधर शिवलकर हे एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली कुठल्या मार्गानं जाणार, हे सांगणारा जो आवाज स्टँडवर आपण ऐकतो तो पुष्कळ वर्षं त्यांचा होता. निवृत्त झाले तरी आवाज तसाच राहिला. साधं "चहा घेणार का" विचारलं तरी तो चहा फलाटाला लागल्यासारखा वाटे. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ओ पाली, उठा, तुमचा नंबर." "संगमेश्वर, डोळे उघडू नका, अजून वेळ आहे." डोळे मिटून बसलेल्यांना त्याचा फार आधार वाटायचा. आपण कुठे आहोत, आपल्या पुढे कोण आहे, हे सगळं त्या आवाजातून समजायचं. आम्हाला मात्र ते "सिटी" म्हणत आणि आईला त्याचा भयंकर राग यायचा. "मला नाव आहे," ती म्हणायची. मग तीही त्यांना "कंट्रोलर" म्हणू लागली, आणि गंमत म्हणजे त्यांना ते मनापासून आवडलं.

ते कधी खुर्चीवर बसलेले मी पाहिले नाहीत. दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे असायचे. बसा म्हटलं तर म्हणत, "उभी हयात खिडकीमागे बसून काढली. आता तरी उभा राहू दे."

हा अधिकार त्यांना दिला कुणी? कुणीच नाही. कदमबाई सांगायच्या की शिवलकर यायच्या आधी दर शनिवारी दारात भांडणं व्हायची. नंबर असायचे, पण दुपार टळली की लांबच्या माणसांचा धीर सुटायचा. कुणाची शेवटची गाडी साडेतीनची, कुणाची पाचची. त्या चुकल्या तर रात्र स्टँडच्या बाकावर. एका शनिवारी शिवलकर स्वतःचे डोळे दाखवायला आले होते. भांडण ऐकून ते उठले, प्रत्येकाला गाडी विचारली आणि लवकरच्या गाडीचा माणूस पुढे, उशिराच्या गाडीचा मागे, अशी रांग लावून दिली. भांडण मिटलं. कदमबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दार त्यांच्या ताब्यात दिलं. बिल्ले तेवढे त्या वाटत राहिल्या, सवयीनं.

"आजारी माणूस आजारानं दमत नाही, स्टँडवर दमतो," असं ते म्हणत. नोकरीत असताना त्यांनी हे रोज पाहिलं होतं. दवाखान्याची पिशवी छातीशी धरून धावत येणारी माणसं आणि नुकतीच सुटलेली गाडी. कुणी धावत येताना दिसलं की ते ड्रायव्हरला हातानं थांबवून ठेवायचे आणि माइकवरून भलतंच काहीतरी सांगत बसायचे. "वेळेवर न सोडल्याचे मेमो पुष्कळ खाल्ले," ते हसून सांगायचे. "पण ती माणसं घरी जेवली."

हे ऐकायला छान वाटतं. पण चौथा नंबर घेऊन दिवसभर बसणाऱ्याला ते छान वाटत नाही, हेही खरं आहे. माझं आणि आईचं याच्यावर घरी पुष्कळ बोलणं व्हायचं. नंबर म्हणजे शेवटी काय? जो आधी उठला, आधी आला, त्याला आधी. त्यात निदान कुणाचं मन नाही, कुणाची मर्जी नाही. एकदा गरज बघायला सुरुवात केली की ती बघणार कोण? शिवलकरांना गरज दिसायची ती फक्त गाडीच्या रूपात. ज्याला गाडी नाही त्याला घाई नाही, असा त्यांचा सरळ समज होता.

त्या समजानं ते मधून मधून तोंडावरही आपटत. संगमेश्वरचे एक व्यापारी एकदा किल्ली बोटावर फिरवत आले. म्हणाले, मला जरा आधी सोडा, घाई आहे.

"गाडी कितीची?"

"स्वतःची आहे माझी."

"मग ती तुम्हाला टाकून जाणार नाही. बसा."

डोळे मिटलेली सगळी खोली हसली. व्यापारी मुकाट्यानं बसले. त्यांचा नंबर लागला तेव्हा ऊन कलायला आलं होतं, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता थेंब घातलेत, रात्रीपर्यंत गाडी चालवायची नाही. हे काही शिवलकरांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते इतके ओशाळले की स्वतः त्या गृहस्थांचा हात धरून स्टँडवर गेले, त्यांना संगमेश्वरच्या एसटीत खिडकीजवळ बसवून आले. मोटार रविवारभर दवाखान्याच्या गल्लीत उभी होती. येणारी-जाणारी माणसं तिच्या बोनेटवर पिशव्या ठेवून गप्पा मारत होती.

पण त्यांना खरं चक्रावून टाकलं ते भागीआजीनं. ती पावसच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतली. मुलगा मुंबईला, सून मुंबईला, आजी एकटी. शिवलकर तिला दर वेळी पहिल्या दोघा-तिघांत आत पाठवायचे, म्हणजे तिला दुपारची गाडी मिळावी. दोन-तीन महिने आजीनं ऐकून घेतलं. मग एका शनिवारी ती खुर्चीत घट्ट बसून राहिली.

"आजी, उठा. नंबर तुमचा," शिवलकर म्हणाले.

"तुजं काय खाल्लंय रे मी? आल्या आल्या हाकलतोस तो?"

"अहो, दुपारची गाडी मिळेल तुम्हाला."

"गाडी गेली खड्ड्यात. घरात कोन हाय माजं? हितं चार मानसं बोलतात, वर पंखा हाय. मी काय नुसती डोळं दाखवायला येतंय?"

"पण शेवटच्या, मुक्कामाच्या गाडीनं गेलात तर घरी पोचायला काळोख होईल."

"काळोख काय मला नवा हाय?" आजी म्हणाली, आणि तिनं पिशवीतून घावणे काढून शेजारच्या बाईच्या हातावर ठेवले.

शिवलकर पुढे झाले. त्यांनी आजीची खुर्ची उचलून पंख्याखाली नेली. त्या दिवसापासून ते तिला "मुक्काम" म्हणू लागले आणि शेवटच्या गाडीच्या बेतानं आत सोडू लागले. आजीही मजेत असायची. पण ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. संध्याकाळी आम्ही तिघंच उरलो तेव्हा ते आईला म्हणाले, "काय सांगू बाय, आयुष्यभर माणसं लवकर घरी पोचवायच्या मागे लागलो. कुणाला पोचायचंच नसेल, हे कधी मनात आलं नाही." मला त्या दिवशी ते पहिल्यांदा आवडले.

आम्ही तिघंच उरायचो, हे सांगायचं राहिलं. सिटी म्हणून आम्ही शेवटी, हे उघडच होतं. पण आमच्याही मागे एक माणूस असायचा आणि तो म्हणजे स्वतः शिवलकर. त्यांचं घर त्याच गल्लीत. दवाखान्याच्या खिडकीतून त्यांच्या अंगणातली सुपारी दिसायची, शिवलकरवहिनी वाळत घातलेले कपडे काढताना दिसायच्या. त्यांच्याच नियमानं त्यांचा नंबर जगात सगळ्यात शेवटचा होता. त्यांना आईच्या आधीपासून काचबिंदू होता. आणि काचबिंदू हा मोठा लबाड आजार आहे. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडांकडून आत आत खात येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. म्हणून तर ते महिन्याचं प्रेशर बघणं. प्रेशर वाढलं तर औषध बदलायचं, एवढाच त्यावरचा इलाज.

आईचं होऊन आम्ही बाहेर येईपर्यंत डॉक्टर बॅग आवरायला लागलेले असत. दारात शिवलकर उभे.

"या, शिवलकर," डॉक्टर म्हणायचे, पण घड्याळाकडे बघत.

"राहू दे साहेब. तुम्ही निघा. घाटात धुकं असेल. माझं काय, मी इथलाच. पुढल्या शनिवारी बघू."

डॉक्टर जरा घुटमळायचे, थेंब चालू आहेत ना विचारायचे आणि निघायचे. शिवलकर खाली जाऊन त्यांची मोटार गल्लीतून मागे घ्यायला मदत करायचे. "येऊ द्या, येऊ द्या, थोडं उजवीकडे," हा आवाज आम्हाला कोपऱ्यावरून ऐकू यायचा. डॉक्टरसुद्धा त्यांच्या लेखी एक प्रवासीच होता, लांबचा, घाट चढून जाणारा. त्यालाही वेळेवर सोडायला हवं होतं. आणि घरी गेल्यावर वहिनींना ते सांगायचे, "जाऊन आलो." त्यातही खोटं काही नव्हतं.

त्यांची नजर जातेय हे आधी आईच्या लक्षात आलं. तिला स्वतःला कमी दिसत असल्यामुळे दुसऱ्याचं कमी दिसणं तिला ओळखू येत असावं. एकदा कदमबाईंनी बाजूनं चहाचा कप पुढे केला तो शिवलकरांना कळलाच नाही. त्यांचा हात लागून चहा सदऱ्यावर सांडला. "लक्ष नव्हतं," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात ते स्टुलाला अडखळले. त्याच्या पुढच्या महिन्यात भागीआजी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून काहीतरी विचारत होती आणि ते समोर बघत म्हणत होते, "कोण? कोण बोलतंय?" आजीला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "तो माणूस आंधळा होतोय आणि उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या मोजतोय." मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू. ती म्हणाली, "डॉक्टरांना सांगून काय होणार? डॉक्टरांना तोच घालवतो."

श्रावणातल्या शनिवारी घाटात रस्ता अडला होता. डॉक्टर आलेच दुपारी. त्या दिवशी दवाखान्यात बसायला काय, उभं राहायला जागा नव्हती. शिवलकर सकाळपासून दारात होते. पाली, पावस, संगमेश्वर, सगळे हळूहळू गेले. मुक्कामाच्या गाडीची माणसंही गेली. शेवटी नेहमीप्रमाणे आई, मी आणि ते. डॉक्टर स्वतः बाहेर आले. तोंडावर दमणूक दिसत होती. म्हणाले, "अंधार पडायच्या आत घाट गाठायला हवा. दोघांपैकी एकालाच बघू शकतो. दुसऱ्यांनी पुढच्या वेळी यावं."

"सिटी, उठा," शिवलकर म्हणाले.

आई उठली नाही.

"बाय, डॉक्टर थांबलेत."

"थांबू देत. मी आज आत जाणार नाही. तुम्ही जा."

"असं कसं? नंबर तुमचा आहे. माझं घर हे इथं."

"घर जवळ असलं म्हणजे डोळे स्वस्त असतात काय हो?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि मला तो अगदी योग्य वाटला. "सगळ्या तालुक्याला विचारलंत गाडी कितीची, गाडी कितीची. तुमच्या डोळ्यांची शेवटची गाडी कधी सुटते ते विचारलंत का कुणाला?"

शिवलकर चौकटीला धरून उभे राहिले. मग डॉक्टरांनीच त्यांचा दंड धरून आत नेलं.

त्या दिवशी पाच मिनिटांत झालं नाही. आत एक यंत्र होतं, त्यात डोकं घालून बसायचं आणि बारीक दिवा दिसला की हातातलं बटन दाबायचं. आईची ती तपासणी मी ऐकली होती. टक्, टक्, टक् असा आवाज येतो. शिवलकर आत होते आणि बाहेर आम्ही ऐकत होतो. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. टक्. मग पुन्हा शांत. कदमबाईंनी खुर्च्या आवरायच्या थांबवल्या. मला वाटलं यंत्र बिघडलं असेल. आई पदराचं टोक मुठीत धरून बसली होती.

डॉक्टर बाहेर आले ते चिडूनच. "शेवटचं कधी दाखवलं होतं तुम्ही? किती महिने आला नाहीत?"

"मी दर शनिवारी येतो साहेब," मागून शिवलकर म्हणाले. "एकसुद्धा चुकवला नाही."

डॉक्टरांनी खाली बघितलं. त्यांनी त्या माणसाला दर शनिवारी दारात उभं पाहिलं होतं.

डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यात समोरचं तेवढं गोल उरलं होतं. औषध वाढवू, नाहीच ऐकलं तर ऑपरेशन, पण ते उरलेलं राखायला, गेलेलं आणायला नव्हे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते निघाले. त्या दिवशी त्यांची मोटार गल्लीतून मागे घ्यायला कुणी मदत केली नाही. मी शिवलकरांना जिन्यावरून खाली आणलं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरताना ते म्हणाले, "समोरचं अगदी लख्ख दिसतं हो. मग बाजूचं जातंय हे माणसाला कळायचं कसं?" त्यांनी हे मला विचारलं की स्वतःला, ते समजलं नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा असंही वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. वहिनी अंगणात उभ्या होत्या. "आज उशीर झाला?" त्यांनी विचारलं. ते म्हणाले, "आज तपासलं." वहिनींच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं ते मला पाहवेना.

त्यानंतरच्या शनिवारी आईनं कारभार हातात घेतला. सकाळी दवाखाना उघडला की पहिलं शिवलकरांना आत ढकलायचं, मग बाकी जग. त्यांना ते मुळीच सोसत नसे. शाळेतल्या मुलासारखे कान पाडून आत जायचे, येताना सगळ्यांकडे न बघता सांगायचे, "माफ करा हं, तुमच्या आधी गेलो." लोक म्हणत, अहो असू दे. ते पुन्हा दारात जाऊन उभे राहत आणि गाड्या विचारू लागत. पण आता आवाजात तो ठणठणीतपणा नव्हता. कोण किती वाजता जाणार हे ते विचारायचे, ती माणसं कुठे बसली आहेत हे त्यांना मान पूर्ण वळवल्याशिवाय दिसायचं नाही. एकदा त्यांनी पालीच्या एका बाईला हाक मारली, ती अगदी त्यांच्या कोपराशी उभी होती. तिनं "ओ" दिली तसे ते दचकले. खोलीत तेव्हा कुणी हसलं नाही.

भागीआजीनं मात्र एक चांगलं केलं. तिनं आपली खुर्ची पंख्याखालून हलवून दाराशी, त्यांच्या डाव्या अंगाला आणून ठेवली. तिथून ती त्यांना कोण आलं, कोण गेलं ते सांगायची. "हा बघ संगमेश्वरचा मोटारवाला आला, आज गाडी नाय आणलीन." तिला दिवसभर बोलायला माणूस मिळाला आणि त्यांना अर्धी खोली परत मिळाली. त्या दोघांना तसं बघताना मला बरं वाटायचं, आणि हे असं फार दिवस चालणार नाही हेही दिसायचं.

प्रेशर थेंबांना ऐकेना. मार्गशीर्षात डॉक्टरांनी कोल्हापूरला ऑपरेशनची तारीख दिली. आईनं डब्यात रव्याचे लाडू भरले आणि मला सकाळी स्टँडवर पाठवलं.

कोल्हापूरची गाडी लागलेली होती. शिवलकर खिडकीजवळ बसले होते, पलीकडे वहिनी. तोच इस्त्रीचा पांढरा सदरा, पण केस रंगवलेले नव्हते. पांढऱ्या केसांत ते मला क्षणभर ओळखू आले नाहीत. मी खिडकीखाली अगदी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मला शोधलं आणि हसले.

"सिटी आली नाही?" त्यांनी विचारलं.

"आईला स्टँडवरच्या गर्दीत नीट दिसत नाही. डबा दिलाय तिनं."

त्यांनी डबा हातांनी चाचपून वहिनींकडे दिला. माइकवर नवा कंट्रोलर बोलत होता. ते कान देऊन ऐकत होते. "आवाज चांगला आहे," ते म्हणाले, "पण घाई करतो. गावांची नावं नीट सुटी सांगायला हवीत." मग जरा थांबून म्हणाले, "घाबरलोय हो मी." असं ते कधी बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "सगळं नीट होईल." दुसरं काय म्हणणार? त्यांनी मान हलवली. गाडी सुटायची वेळ झाली, म्हणून मी दोन पावलं मागे सरकले.

कंडक्टरनं घंटी दिली. ड्रायव्हर आरशात मागचं बघत गाडी मागे घेऊ लागला. तेवढ्यात स्टँडच्या टोकाकडून एक बाई पिशवी घेऊन धावत आली. तिच्या मागे एक म्हातारा काठी टेकत येत होता. ती माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबली, शिवलकरांच्या खिडकीच्या अगदी बाजूला, आणि हात वर करून ओरडू लागली, "ओ, थांबवा, थांबवा हो!" इंजिनच्या घरघरीत ते ड्रायव्हरला काय, खिडकीच्या आतही ऐकू जात नव्हतं. पण खिडकीत शिवलकर होते. त्यांनी आतून एक आवाज दिला असता तर गाडी जागच्या जागी उभी राहिली असती.

ते थेट माझ्याकडे बघत होते. मीही ओरडले, मग पूर्ण हात लांब करून त्या बाईकडे दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं. त्यांना वाटलं, मी निरोप देतेय. त्यांनी गजांतून हात बाहेर काढला आणि गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत, हसत, माझ्याकडे बघून हलवत राहिले.